थंड टोपीचं प्रात्यक्षिक

डोकं थंड ठेवा, असं मला उभ्या आयुष्यात सगळेच सांगत आले. बायकोने सांगितलं, वरिष्ठांनी सांगितलं, मी नापास केलेल्या माणसांनी तर गाडीच्या खिडकीशी वाकून सांगितलं. पण ते मनावर घेतलं फक्त आमच्या जावईबापूंनी. त्यांनी माझ्या डोक्यावर खरोखरचं बर्फाचं ओझं आणून बांधलं.

मी गाडी चालवण्याचे परवाने देणाऱ्या कचेरीत परीक्षक होतो. कचेरी परवाने देणारी असली तरी माझं काम बहुतेक ते न देण्याचं असे. उमेदवाराच्या शेजारी बसायचं, तोंडाने 'डावीकडे', 'उजवीकडे', 'थांबा' एवढंच म्हणायचं आणि बाकी सगळं भुवईवर सोपवायचं. माझी भुवई वर गेली की समोरच्याचा पाय क्लचवरून सुटायचा. बाहेरच्या रांगेत मला नापासराव म्हणत, हे मला ठाऊक होतं आणि त्याचं मला वाईट वाटत नसे. माणूस पुढे रस्त्यावर कुणाला उडवण्यापेक्षा आज मैदानात रडलेला बरा, असं माझं मत होतं आणि अजून आहे.

जावईबापूंना मी तीनदा नापास केलं होतं. तेव्हा ते जावई नव्हते. पहिल्यांदा आरशावरून, दुसऱ्यांदा इंडिकेटरवरून आणि तिसऱ्यांदा दोन्हींवरून. पुढे त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी दयाळू परीक्षकाकडून परवाना मिळवला आणि माझ्याच मुलीशी लग्न केलं. लग्न ठरलं तेव्हा मी मुलीला एवढंच म्हणालो, की गाडी तू चालवत जा. ती हसली. तिला वाटलं बाबा गंमत करतायत.

निवृत्त झालो, काही वर्षं बरी गेली, आणि एक दिवस माझा उजवा अंगठा आपोआप बोटावर फिरायला लागला, चिल्लर मोजत असल्यासारखा. मग पाय जड झाले, अक्षर बारीक होत गेलं, आवाज खाली बसला. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या खोलीत इकडून तिकडे चालवलं, बोटं आपटायला लावली आणि सांगितलं, पार्किन्सन आहे. बाईंची परीक्षा घेण्याची पद्धत मला आवडली. उगाच धीर दिला नाही. गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, की गोळी वेळेवर घ्यायची, आणि आपल्या मनाने एकदम बंद तर मुळीच करायची नाही. अंग लाकूड होतं, ताप चढतो, जिवावर बेतू शकतं. हे मी ऐकलं, बायकोने ऐकलं. जावईबापू तेव्हा खाली गाडी लावत होते. त्यांना गाडी लावायला बराच वेळ लागतो.

हाताचं मला फारसं काही वाटलं नाही. माझं खरं नुकसान झालं ते चेहऱ्याचं. या आजारात म्हणे चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात. भुवई वर जाईना, ओठ वाकडा होईना. आतून मी पूर्वीइतकाच तुसडा, आणि बाहेरून कोरी पाटी. लोक माझ्यासमोर वाटेल ते बरळायचे आणि तोंडाकडे बघून समजायचे, म्हाताऱ्याला पटलं. शेजारचे गृहस्थ रोज येऊन आपल्या पोटाच्या तक्रारी सविस्तर सांगत आणि जाताना बायकोला म्हणत, "तुमचे हे आता किती मायाळू झालेत." मला उरली होती फक्त जीभ, आणि तीसुद्धा हळू चालणारी. तिच्यानेच जमेल तेवढी नावं मी ठेवत होतो. भाजीत मीठ, पेपरातल्या चुका, बातम्या देणारीची घाई, आणि गाडीत बसलो की जावईबापू. "आरसा," मी पुटपुटायचो. "इंडिकेटर." बायको मागच्या सीटवरून म्हणायची, "अहो, पुरे आता." लग्न झाल्यापासून तिने मला किती वेळा पुरे म्हटलं असेल, त्याला गणतीच नाही.

जावईबापूंचं भाजीचं शीतगृह आहे. मोठाल्या थंडगार खोल्या, त्यांत मटार, गाजर, मका, सगळं पोत्यापोत्याने. माणूस ज्या धंद्यात असतो त्याच धंद्याच्या भिंगातून जग बघतो, मीही तेच केलं, पण मी निदान मेंदूची परीक्षा घ्यायला गेलो नाही. यांनी फोनवर कुठला तरी व्हिडिओ बघितला. कुठेतरी कुणीतरी डोकं गार करून थरथर कमी होते का ते बघत होतं. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी आमच्या स्वयंपाकघरात हजर.

"बाबा, साधी गोष्ट आहे. थंडीत काही नासत नाही," ते म्हणाले. "मटार बघा. वर्षभर हिरवेगार. मग मेंदूच्या पेशी का नाही टिकणार?"

"मला मटार व्हायचं नाही," मी म्हणालो.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. माझा चेहरा मात्र त्यांना दिसला, आणि त्यावर काहीच नव्हतं, म्हणजे होकारच.

आम्ही डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "असे प्रयोग होत असतील. पण त्याने तुमचा आजार हटेल असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. घालायचीच असेल टोपी तर कातडीला जपा, फार वेळ ठेवू नका, आणि गोळीला हात लावू नका." एवढ्या सगळ्यातून जावईबापूंनी 'घाला टोपी' एवढं उचललं.

टोपी त्यांनी दप्तरं शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेतली. वरून निळं कापड, आत खिसे, खिशांत शीतगृहातल्या त्या जेलच्या पिशव्या, हनुवटीखाली चिकटपट्टी. नाव ठेवलं शीतमुकुट. मुकुट आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात राहू लागला आणि बायकोचे खरे मटार खाली येऊन सडले. रोज सकाळी कामावर जाता जाता जावईबापू यायचे, माझ्या डोक्यावर तो चढवायचे आणि पुढ्यात स्टूल घेऊन बसायचे.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी बरं वाटलं. उकाडा होता. पण थोड्याच वेळात कपाळात कळ यायला लागली, कान बधिर झाले, आणि पाणी मानेवरून ओघळत बनियनमध्ये शिरलं. बायको टॉवेल घेऊन उभी. जावईबापू मनगटावरच्या घड्याळाकडे आणि माझ्या हाताकडे आळीपाळीने बघत होते. मग मुकुट कोमट झाला, मी उठलो, स्वयंपाकघरापर्यंत चालत गेलो आणि सदऱ्याची बटणं माझी मी लावली. जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते सगळं फोनवर चित्रित केलं आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवलं.

आता यातली गोम अशी, की मी सकाळी उठल्याबरोबर गोळी घेत होतो. गोळीला चढायला थोडा वेळ लागतो. तेवढाच वेळ जावईबापू माझ्या डोक्यावर बर्फ घेऊन बसत. मुकुट नसतानाही मी रोज त्याच सुमाराला उठत होतो, चालत होतो आणि बटणं लावत होतो. हे मला दिसत होतं, कुठल्याही शहाण्या माणसाला दिसलं असतं. पण घरात शहाणा मी एकटाच होतो आणि माझा आवाज पोचत नव्हता. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, असू दे ना. त्यांना वाईट वाटेल." बायको म्हणाली, "जावयाने एवढं केलं, त्याचं काहीच नाही तुम्हाला." पुढे तर त्यांनी कारागिराकडून टोप्यांचा ढीगच शिवून घेतला, मागेल त्याला एकेक द्यायला सुरुवात केली आणि ज्येष्ठ मंडळाच्या सभागृहात जाहीर प्रात्यक्षिक ठरवलं. प्रात्यक्षिकात कोण, तर मी.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. एका सकाळी गोळी चढलेली होती, जीभ सैल होती, मी नीट शब्द जुळवून बोललो.

"परीक्षा घ्यायची तर नीट घ्या. एका गाडीत दोन उमेदवार स्टिअरिंगला धरून बसलेत. गाडी बरोबर वळली तर मी परवाना कुणाला देऊ? एकेकाला बसवा."

माझ्या मते मी त्यांना आडवं केलं होतं. अर्थ उघड होता, की एक दिवस टोपी काढून बघा. जावईबापूंचा चेहरा उजळला.

"बाबा, क्या बात है. एकदम बरोबर. प्रात्यक्षिकाच्या दिवशी गोळी नाही, नुसता मुकुट. होऊन जाऊ दे. आणि एकदा जमलं की दुसऱ्या दिवसापासून गोळ्या कायमच्या बंद."

"अहो, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या," बायको म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता. गोळ्यांनी मला मळमळायचं, उठताना भोवळ यायची, आणि दिवसभर घड्याळ बघत त्या मला भरवायच्या तिनेच. त्या बंद होतील या कल्पनेने ती भुलली, यात तिची चूक नाही. शिवाय सासऱ्या-जावयाचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं तिने प्रथमच बघितलं होतं. "एका दिवसाने काय होतंय," असं तीच मग म्हणाली.

मी नाही म्हणू शकलो असतो. तेवढा आवाज होता मला तेव्हा. पण मनात म्हटलं, होऊ दे. भर सभागृहात माझा हात थडथड उडेल, सगळे बघतील, आणि जावईबापू चौथ्यांदा नापास होतील. या कल्पनेने मला जे सुख झालं ते गोळीनेही होत नसे. चेहऱ्यावर दिसलं नाही, पण त्या दिवशी मी दोनदा हसलो.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी, शनिवारी सकाळी गोळी नव्हती. आदल्या रात्रीची उतरून गेली होती आणि मी पलंगावर पडून हाताची वाट बघत होतो. हात हलेना. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. इतक्या दिवसांत मी गोळीशिवाय कधी राहिलोच नव्हतो, मला काय ठाऊक. थरथरायलासुद्धा अंगात थोडा सैलपणा लागतो, तो गोळी देत होती. आता मान, खांदे, कंबर, सगळं एकमेकांत अडकून बसलं होतं. बायकोने मला उठवून बसवलं, कपडे चढवले. मुकुटाची एक फेरी घरीच झाली. जावईबापूंनी माझा उजवा हात निरखला आणि हळूच म्हणाले, "आई, बघा. थांबलाय."

"खरंच हो," ती म्हणाली.

मी 'गोळी' म्हणायचा प्रयत्न केला. ओठ उघडले की नाही कुणास ठाऊक, आवाज तर नक्कीच निघाला नाही.

मला उचलून गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं, बायको पिशवी घेऊन मागे बसली. आणि मग जावईबापूंनी जी गाडी चालवली ती माझ्या सगळ्या नोकरीत मी बघितली नव्हती. आरसा त्यांनी स्वतःचा भांग बघायला वळवून ठेवला होता. फाटकातून निघाले ते सरळ रस्त्याच्या मधोमध, इंडिकेटरचा पत्ता नाही. चौकात गाडी पट्ट्यांच्या पुढे नेऊन उभी केली, एका बाईला पोराचा हात धरून बंपरला वळसा घालून जावं लागलं. एका हाताने फोनवर कुणाला तरी सांगत होते, "टोप्या स्टेजवर मांडून ठेवा." मी मनातल्या मनात त्यांना पाच मिनिटांत सात वेळा नापास केलं. तोंडातून एक अक्षर बाहेर आलं नाही. माझा पाय पूर्वी शेजारी बसल्याबसल्या नसलेला ब्रेक दाबायचा, तोही जागचा हलला नाही.

"आई, एक गोष्ट लक्षात आली का?" जावईबापू खुशीत येऊन म्हणाले. "घरापासून इथपर्यंत बाबांनी मला एकदाही टोकलेलं नाही. किती शांत झालेत बघा. डोकं थंड असलं की स्वभावसुद्धा बदलतो."

बायको मागून पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

सभागृहात घडीच्या खुर्च्या भरल्या होत्या. ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना माईक मिळाला की सोडवत नाही. त्यांनी थंडीचं महत्त्व, वार्धक्याचं महत्त्व आणि जावयाचं महत्त्व सांगितलं. स्टेजवर टेबल, टेबलावर निळ्या टोप्यांची रांग, आणि टोप्यांच्या शेजारी खुर्चीत मी. मला दोघांनी धरून वर आणलं होतं, पण त्यावरून कुणाला शंका आली नाही. आजारी माणसाला धरून आणतातच. जावईबापूंनी डीप फ्रीजची पेटी उघडली, वाफा निघाल्या, लोकांनी माना उंचावल्या, आणि मुकुट माझ्या डोक्यावर बसला.

"आज सकाळपासून यांना एकही गोळी दिलेली नाही," जावईबापूंनी जाहीर केलं. "आता सगळ्यांनी फक्त यांच्या हाताकडे बघा."

सगळे माझ्या हाताकडे बघत राहिले. हात खुर्चीच्या दांडीवर होता. मी त्याला विनवण्या केल्या. हल म्हटलं, एकदा हल, नेहमी नको तेव्हा नाचतोस, आज नाच. तो ढिम्म. पाणी कानामागून मानेत उतरत होतं, मला मान झटकता येत नव्हती, डोळा मिटता येत नव्हता. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. आजाराने मला आवळून धरलं होतं आणि लोक त्याला आजार पळाला म्हणत होते. इतकी मूर्ख माणसं एका छपराखाली मी परीक्षेच्या दिवशीसुद्धा बघितली नव्हती.

पहिल्या रांगेतली हिरव्या स्वेटरमधली एक बाई उठली. साठीची असेल, थकलेली, हातात पिशवी.

"मी मागच्याच आठवड्यात नेली तुमची टोपी," ती म्हणाली. "आमच्या यांचाही हात थांबलाय अगदी असाच. परवापासून मी गोळ्या बंद केल्या. किरकिर नाही, काही नाही, नुसते पडून असतात. बरं केलं ना मी?"

"उत्तम केलंत," जावईबापू म्हणाले. "बाबांच्याही उद्यापासून बंद."

तेव्हा मला भीती वाटली. स्पष्टच सांगतो, मी घाबरलो. तोवर मी या सगळ्याकडे एक भिकार परीक्षा म्हणून बघत होतो, तिच्यात मला जावयाला पाडायचं होतं. आता कळलं, की पडलो मी होतो. उद्या गोळी नाही, परवा नाही, आणि मी आत जिवंत असताना हे लोक बाहेरून मला शांत म्हणत राहणार. ते दुसरे गृहस्थ तर कुठल्याशा घरात असेच पडून होते, आणि त्यांच्यासाठी टाळ्यासुद्धा नव्हत्या. डॉक्टरीणबाईंचे शब्द मला आठवत होते. ते सांगायला मी एकटा होतो आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती.

तेवढ्यात बायको स्टेजच्या पायऱ्या चढताना दिसली. गुडघ्याला हात लावत, सावकाश. जावईबापूंनी तिला हात दिला, त्यांना वाटलं आई दोन शब्द बोलणार. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि वाकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "अहो, जावईबापूंनी आज गाडी कशी चालवली?"

अध्यक्ष हसले. ती हसली नाही. ती उत्तराची वाट बघत होती.

"सांगा ना. वळताना इंडिकेटर दिला का? चौकात कुठे थांबवली? आरसा कुठे होता?"

माझ्याकडे सगळी उत्तरं होती. एकही बाहेर पडलं नाही. तिने थोडा वेळ थांबून बघितलं, मग सरळ उभी राहिली आणि लोकांकडे वळली.

"या माणसाने मला लग्नाच्या दिवशी सांगितलं होतं, की हार घालताना तुझा हात चुकीच्या बाजूने आला. माझ्या आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. डॉक्टरांच्या पाटीवरची चूक काढली. हे तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला बोलत होते. आणि आज एवढी वाईट गाडी चालवली तरी यांनी हूं का चूं केलं नाही. माफ करा जावईबापू, पण हे शांतबिंत काही झालेले नाहीत. हे बरे नाहीत. माझीच अक्कल गहाण पडली होती."

तिने चिकटपट्टी ओढली, मुकुट काढून टेबलावर ठेवला. जावईबापू म्हणाले, "आई, प्रयोग अर्धा राहील." ती म्हणाली, "राहू दे." पिशवीतून तिने गोळी काढली, माझी हनुवटी धरून तोंड उघडलं, गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी पाजलं, थेंब थेंब, घसा हलतोय का ते बोटाने बघत. मग टॉवेलने माझं डोकं पुसलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. माझा हात तिने हातात घेतला. तो तिला कसा लागत होता देव जाणे, मला तिचा गरम लागला.

अध्यक्षांनी प्रसंगावधान राखून चहा जाहीर केला. लोक कपबशा घेऊन घोळक्याने उभे राहिले, आमच्याकडे बघत आणि बघत नसल्यासारखं करत. जावईबापू टोप्यांची रांग उगाच सरळ करत होते. त्यांच्यावर हसावंसं वाटायला हवं होतं. चौथ्यांदा नापास झाले होते ते, आणि मला पाहिजे तसे, भर सभेत. पण माझ्यात हसायचं बळ नव्हतं आणि हिरव्या स्वेटरमधली बाई अजून पहिल्या रांगेत बसून होती. तिने चहा घेतला नव्हता. ती माझ्याकडे एकटक बघत होती.

गोळी चढायला लागली. आधी मान सुटली, मग खांदे, मग उजवा अंगठा हळूच बोटावर फिरायला लागला. चहाच्या घोळक्यातून लगेच कुणीतरी म्हणालं, "बघा, गोळी दिली आणि परत सुरू झालं." दुसऱ्याने मान डोलावली. अध्यक्ष म्हणाले, "औषधांचे दुष्परिणाम." एका गृहस्थांनी तर तेवढ्यात एक टोपी डोक्यावर घालून बघितली आणि स्वतःच्या बायकोला विचारलं, कशी दिसते. अशा माणसांना परवाने कोण देतं, असा मला कायम प्रश्न पडतो.

मी बायकोकडे वळून बोललो. माझ्या मते मी स्पष्ट बोललो.

"काय? ऐकू येत नाही. मोठ्याने बोला," ती म्हणाली.

जावईबापूंनी ते ऐकलं. ते धावत आले आणि माईक माझ्या तोंडाशी धरला. मला माहीत आहे, त्यांना वाटत होतं, बाबा अजूनही मुकुटाबद्दल काहीतरी चांगलं बोलतील. त्यांच्या डोळ्यांत तशी आशा होती. माणूस वाईट नाही, फक्त बघत नाही.

"मी शांत नव्हतो," मी म्हणालो. माझा आवाज सगळ्या सभागृहातून घरघरत माझ्याकडे परत आला. "मी घाबरलो होतो. गोळी द्या म्हणत होतो. सकाळपासून म्हणतोय. तोंडातून निघत नव्हतं."

बायकोने माझा हात घट्ट धरला आणि तिचे डोळे भरून आले. मला तिला आणखीही काही सांगायचं होतं, पण समोर हिरव्या स्वेटरमधली बाई उठून उभी राहिली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पिशवी खांद्याला लावायची होती ती तिला लावता येईना.

"आमचे हेसुद्धा तोंड हलवत होते काल," ती म्हणाली. "मला वाटलं पुटपुटतायत काहीतरी. दोन दिवस झाले हो. काल संध्याकाळपासून अंगही गरम लागतंय."

जावईबापू तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. पहिल्यांदा त्यांना काहीतरी दिसलं होतं.

"डॉक्टरांना फोन लाव," मी बायकोला म्हणालो. "सगळं सांग, अंग गरम आहे तेही सांग. त्या म्हणतील तसं करायचं." आणि जावईबापूंना म्हणालो, "या बाईंना घेऊन त्यांच्या घरी जा. त्यांच्या यजमानांना गाडीत घाला आणि सरळ हॉस्पिटलात न्या. टोप्या राहू देत इथेच."

"हो बाबा," ते म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली. किल्ली हातातून खाली पडली, ती त्यांनी उचलली आणि बाईंच्या दंडाला धरून दाराकडे निघाले. दाराशी पोचल्यावर मागे वळून माझ्याकडे बघत थांबले, नेहमीसारखे. मी काहीतरी खोड काढणार आणि ती ऐकून घ्यावी लागणार, याची त्यांना सवय होती.

माईक अजून चालू होता.

"जोरात न्या," मी म्हणालो. उभ्या नोकरीत हे शब्द मी कुठल्याही चालकासमोर उच्चारले नव्हते.